फळा सगळ्यांचा, जबाबदारी कुणाची?

२१ मार्च १९८६. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं टायलर हे शहर. तिथल्या कर्करोग उपचार केंद्रात एक रुग्ण नवव्या बैठकीसाठी आला होता. पाठीवरची गाठ शस्त्रक्रियेने काढून झाली होती आणि उरल्यासुरल्या पेशींसाठी किरणोपचार चालू होते. त्या दिवशी द्यायची मात्रा होती १८० रॅड. यंत्र होतं कॅनडातल्या अॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या कंपनीने बनवलेलं ‘थेरॅक-२५’.

यंत्र दोन प्रकारे चालत असे. वरवरच्या भागासाठी इलेक्ट्रॉनचा झोत आणि खोलवरच्या गाठींसाठी क्ष-किरण. बहुतेक रुग्णांना क्ष-किरणच लागत, त्यामुळे तंत्रज्ञ बाईंच्या बोटांना ‘एक्स’ हे अक्षर टाइप करायची सवय झाली होती. या रुग्णाला इलेक्ट्रॉन द्यायचे होते. चूक लगेच त्यांच्या लक्षात आली. त्या कर्सर वर घेऊन गेल्या, ‘एक्स’च्या जागी ‘ई’ केलं आणि भराभर एंटर दाबत खाली आल्या. पडद्यावर सगळं बरोबर दिसत होतं. त्यांनी झोत सुरू केला. यंत्र थांबलं आणि पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ असा संदेश आला. दिलेली मात्रा ठरल्यापेक्षा खूपच कमी दिसत होती. असे संदेश या यंत्रावर वरचेवर येत. बाईंनी ‘पुढे चला’ची कळ दाबली.

आतल्या खोलीत रुग्णाला पाठीवर विजेचा झटका बसल्यासारखं, उकळती कॉफी ओतल्यासारखं झालं होतं. तो उठायला लागला तेवढ्यात दुसरा फटका हाताला बसला. त्या दिवशी आतलं दृश्य दाखवणारा कॅमेरा जोडलेला नव्हता आणि आवाज ऐकवणारं यंत्रही बिघडलेलं होतं. शेवटी त्याने दारावर थापा मारल्या, तेव्हा बाहेर कळलं. नंतरच्या अंदाजानुसार सेकंदाहूनही कमी वेळात, जेमतेम एक सेंटिमीटर जागेत १६,५०० ते २५,००० रॅड इतके किरण त्याच्या शरीरात गेले होते. पाच महिन्यांनी त्याचा मृत्यू झाला.

कंपनीच्या अभियंत्यांनी यंत्र तपासलं, पण त्यांना ‘मालफंक्शन ५४’ पुन्हा घडवता आलं नाही. विजेचा धक्का बसला असेल म्हणून तीही तपासणी झाली. त्यात काही आढळलं नाही. ७ एप्रिलला यंत्र पुन्हा सुरू झालं. चारच दिवसांनी, ११ एप्रिलला, त्याच ठिकाणी, त्याच तंत्रज्ञांच्या हातून, तशीच दुरुस्ती करताना दुसऱ्या रुग्णाला तसाच फटका बसला. तो तीन आठवड्यांत, १ मे रोजी गेला.

यंत्राचे लोखंडी भाग ठीक होते आणि तंत्रज्ञ बाईंनी केलेली दुरुस्तीही अचूक होती. दोष होता आतल्या प्रोग्राममध्ये. एक माहिती अनेकांच्या हाताखाली मोकळी पडलेली होती आणि ती बदलली, हे ज्यांना कळायला हवं होतं त्यांच्यापैकी एकाला कळलंच नाही.

वॉर्डातला फळा आणि खाटेवरचा कागद

संगणकाच्या प्रोग्राममध्ये एखादी माहिती साठवायची तर तिला एक नाव द्यावं लागतं. ‘मात्रा’ असं नाव आणि त्यात १८० हा आकडा. या नावाच्या डबीला व्हेरिएबल म्हणतात. ही डबी प्रोग्रामच्या कोणत्या भागातून दिसते आणि कोणत्या भागातून उघडता येते, त्या हद्दीला म्हणतात स्कोप. डबी साऱ्या प्रोग्रामला खुली असेल तर तो ग्लोबल स्कोप. एका कामापुरत्या केलेल्या एका भागाच्या आतच ती दिसत असेल, तर तो मॉड्यूल स्कोप. बहुतेक वेळा असा भाग म्हणजे एक स्वतंत्र फाइल असते.

चाळीस खाटांचा एक मोठा वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. भिंतीवर एकच फळा आहे. कुणाला कोणतं औषध, किती मात्रा, कोणाची कोणती तपासणी, सगळं त्याच फळ्यावर. निवासी डॉक्टर लिहितात, सिस्टर लिहितात, फिजिओथेरपीवाले लिहितात, जाता जाता विद्यार्थीही काहीतरी पुसून जातो. सुरुवातीला ही सोय फार बरी वाटते. मान वर केली की सगळं समोर. पण वॉर्ड भरला, पाळ्या बदलल्या, की गोंधळ सुरू होतो. ‘पाटील, अर्धी गोळी’ असं लिहिलेलं असतं आणि वॉर्डात पाटील दोन असतात. दुपारी कुणीतरी इन्सुलिनचा आकडा बदललेला असतो, पण कुणी, कधी, का, हे फळा सांगत नाही.

दुसरी पद्धत म्हणजे प्रत्येक खाटेचा स्वतंत्र केसपेपर. आदेश डॉक्टरांनी लिहायचा, सहीसकट. औषध दिल्याची नोंद सिस्टरने करायची, वेळेसकट. बाकीच्यांनी वाचावं, बदल हवा असेल तर सांगावं, पण स्वतः खाडाखोड करू नये. काम थोडं वाढतं. पण चूक झाली तर ती कुठे शोधायची हे माहीत असतं.

ग्लोबल स्कोप म्हणजे भिंतीवरचा फळा, मॉड्यूल स्कोप म्हणजे केसपेपर. नावांची टक्कर हा फळ्याचा पहिला तोटा. वेबपानांसाठी १९९५ साली आलेल्या जावास्क्रिप्ट या भाषेत हे वर्षानुवर्षं घडत राहिलं. एका पानावर चार ठिकाणांहून आणलेले चार प्रोग्राम एकाच मोकळ्या अंगणात उतरत. दोघांनी ‘काउंट’ हेच नाव वापरलं की नंतर आलेला पहिल्याचा आकडा गुपचूप पुसून टाकी. २०१५ च्या आवृत्तीत या भाषेत मॉड्यूलची अधिकृत सोय आली. आता मॉड्यूल म्हणून लिहिलेल्या फाइलमधली नावं त्या फाइलपुरती राहतात. जे बाहेर द्यायचं ते ‘एक्स्पोर्ट’ असं स्पष्ट लिहून द्यावं लागतं आणि ज्याला हवं त्याला ते मागून घ्यावं लागतं.

त्यातही एक बारकावा आहे. मागून घेतलेल्या नावातली किंमत दुसऱ्या फाइलला वाचता येते, पण त्या नावात परस्पर नवी किंमत भरता येत नाही. केसपेपरवर लाल शाईने ‘पेनिसिलिनची अॅलर्जी’ असं लिहिलेलं असतं, ते सर्वांनी वाचायचंच असतं. येणाऱ्याजाणाऱ्याने ते खोडायचं मात्र नसतं. वाचण्याचा हक्क आणि बदलण्याचा हक्क वेगवेगळे ठेवणं, हेच या साऱ्या व्यवस्थेचं सार आहे.

गोळी आणि पंप

दम्याच्या रुग्णांना याचं एक उदाहरण रोजचंच आहे. स्टेरॉइडची गोळी घेतली की औषध रक्तात उतरतं आणि रक्त जिथे जिथे जातं तिथे तिथे पोचतं. श्वासनलिकेची सूज उतरते, पण बऱ्याच दिवसांच्या वापराने साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू होऊ शकतो. इलाज फुप्फुसाचा, पण बदल सगळ्या शरीरात. तेच स्टेरॉइड पंपातून ओढलं की ते बहुतांशी श्वासमार्गातच काम करतं. गोळीची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात, पंपाची मायक्रोग्रॅममध्ये. म्हणून ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने पंप टाळून वरचेवर गोळ्या घेत राहणं हा उलटा व्यवहार आहे.

गोळी वाईट असते असं नाही. दम्याचा मोठा झटका आला तर तीच जीव वाचवते. आणि पंपाची हद्द अगदी बंदिस्त असते असंही नाही. थोडं औषध तोंडात, घशात राहतं, म्हणूनच पंपानंतर गुळणी करायला सांगतात. पण प्रश्न फुप्फुसाचा असेल तर इलाज शक्यतो फुप्फुसापुरता ठेवावा, हे वैद्यकशास्त्राने अनुभवाने शिकलेलं तत्त्व आहे. प्रोग्रामिंगमध्येही नेमकं तेच तत्त्व चालतं.

आठ सेकंदांत काय घडलं

आता पुन्हा थेरॅक-२५ कडे. त्याचा प्रोग्राम पीडीपी-११ या संगणकाच्या असेम्ब्ली भाषेत होता. काही वर्षं खपून तो एकाच प्रोग्रामरने लिहिलेला होता आणि १९७२ मध्ये सुरू झालेल्या थेरॅक-६ या जुन्या यंत्राच्या प्रोग्राममधून तो वाढत आला होता. त्यात एकाच वेळी अनेक कामं चालत. एक काम कळफलकाकडे लक्ष ठेवी, एक मात्रेची मांडणी करी, एक यंत्रातली फिरती तबकडी जागेवर आणी. ही सगळी कामं एकमेकांशी बोलत ती समाईक स्मृतीतल्या व्हेरिएबलांमार्फत. म्हणजे त्याच भिंतीवरच्या फळ्यामार्फत. एक जण लिहीत असताना दुसऱ्याने थांबावं, असा पक्का बंदोबस्त नव्हता.

क्ष-किरण तयार करायला इलेक्ट्रॉन उपचारापेक्षा सुमारे शंभरपट तीव्र झोत लागतो. तो आधी एका धातूच्या लक्ष्यावर आदळतो, मग गाळणीतून पसरतो आणि त्यानंतरच रुग्णापर्यंत पोचतो. फिरत्या तबकडीचं काम हेच. क्ष-किरण असतील तर लक्ष्य आणि गाळणी मध्ये आणायची, इलेक्ट्रॉन असतील तर ते बाजूला नेऊन पसरवणारे चुंबक आणायचे.

बाईंनी ‘एक्स’ लिहिलं तेव्हा ते समाईक व्हेरिएबलमध्ये नोंदलं गेलं. मात्रा मांडणाऱ्या कामाने ते वाचलं आणि तीव्र झोताची तयारी सुरू केली. झोत वळवणारे चुंबक जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. त्या आठ सेकंदांत बाईंनी ‘एक्स’चं ‘ई’ केलं. फळ्यावरची नोंद बदलली. तबकडी फिरवणाऱ्या कामाने नवी नोंद वाचली आणि तबकडी इलेक्ट्रॉनच्या जागेवर नेली. मात्रा मांडणाऱ्या कामाने मात्र पुन्हा मान वर करून पाहिलंच नाही. त्याच्या लेखी अजून क्ष-किरणच होते. झोत क्ष-किरणांचा आणि तबकडी इलेक्ट्रॉनची. लक्ष्य नाही, गाळणी नाही. मध्ये होता तो फक्त माणूस.

संथपणे टाइप करणाऱ्याच्या हातून हा दोष कधीच घडला नसता. कंपनीच्या अभियंत्यांना तो सापडला नाही, याचं एक कारण तेच. टायलरच्या केंद्रातले भौतिकशास्त्रज्ञ आणि त्याच तंत्रज्ञ बाई पुन्हा पुन्हा यंत्रापुढे बसले, टाइप करण्याचा वेग बदलून पाहिला, तेव्हा गुपित उलगडलं. तंत्रज्ञ आपल्या कामात जितकी सरावलेली, तितका धोका जास्त, असा हा विचित्र दोष होता.

दोनशे छप्पन्नावी फेरी

जानेवारी १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा इथे आणखी एक अपघात झाला. तिथे दोष वेगळा होता, पण तोही समाईक व्हेरिएबलचाच. ‘क्लास ३’ नावाची एक डबी होती. तिच्यात शून्य असेल तर सगळं जागेवर आहे, तपासायची गरज नाही. शून्य नसेल तर तबकडी आणि तिच्यावरचे भाग नीट आहेत का ते तपासायचं. यंत्राची मांडणी चालू असताना प्रत्येक फेरीत एक काम या डबीतला आकडा एकाने वाढवत असे आणि दुसरं काम तो वाचून तपासायचं की नाही ते ठरवत असे.

पण डबी होती एका बाइटची. तिच्यात २५५ पर्यंतच आकडा मावतो. दर २५६ व्या फेरीला, जुन्या स्कूटरच्या मीटरसारखी, ती पुन्हा शून्यावर येई. त्या क्षणी दुसऱ्या कामाला वाटे, सगळं ठीक आहे. मांडणीच्या वेळी अशा शेकडो फेऱ्या होत. नेमक्या त्याच क्षणी कळ दाबली गेली आणि तपासणी न होता पूर्ण शक्तीचा झोत सुटला. त्या रुग्णाला ८६ रॅड मिळायचे होते. मिळाले अंदाजे ८,००० ते १०,०००. एप्रिलमध्ये तो गेला.

दुरुस्ती अगदी लहान होती. आकडा एकाने वाढवण्याऐवजी डबीत दर वेळी शून्य नसलेला एकच ठरावीक आकडा ठेवायचा.

जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात बसवलेल्या अकरा यंत्रांपैकी काहींवर मिळून सहा रुग्णांना अशी अतिमात्रा मिळाली. त्यातल्या किमान तिघांचा मृत्यू त्या मात्रेशी जोडला गेला. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या सगळ्याचा सविस्तर तपास प्रसिद्ध केला. आज जगभर संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो शिकवला जातो.

भिंत घातली असती तर?

प्रत्येक माहिती आपापल्या मॉड्यूलमध्ये बंद असती, तर हे अपघात टळले असते का? प्रामाणिक उत्तर असं की नुसत्या भिंतीने सगळं भागलं नसतं. दोन कामं एकाच वेळी एका नोंदीला हात घालत असतील, तर एकाचं पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, अशी कडीही हवी. पण भिंतीला एकच दार असेल तर कडी एका जागी बसवून भागते. फळा मोकळा असेल तर येणाऱ्या प्रत्येकाला कडी आठवणीने लावावी लागते. वीस जणांतला एक विसरला, की संपलं. ‘उपचाराचा प्रकार’ ही माहिती एकाच मॉड्यूलच्या ताब्यात असती, तर ती बदलताच झोत आणि तबकडी दोघांना कळवायची, दोघं तयार होईपर्यंत झोत अडवायचा, ही जबाबदारी कुणाची हे तरी ठरलं असतं.

हे ज्ञान तेव्हा नव्हतं असंही नाही. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं की प्रोग्रामचे भाग पाडताना प्रत्येक भागाने आपलं एखादं गुपित आपल्यापाशी ठेवावं आणि बाहेर फक्त गरजेपुरतं दाखवावं. १९७३ मध्ये विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांनी ग्लोबल व्हेरिएबल घातक असल्याचं शीर्षकातच सांगणारा लेख लिहिला. त्याच सुमारास आकाराला येत असलेल्या सी भाषेत एखादं नाव त्या फाइलपुरतं ठेवायला ‘स्टॅटिक’ हा एक शब्द पुरतो. असेम्ब्ली भाषा अशा भिंती स्वतःहून उभारत नाही. तिथे त्या प्रोग्रामरला शिस्तीने पाळाव्या लागतात आणि ती शिस्त पाळली जाते की नाही हे दुसऱ्या कुणीतरी तपासावं लागतं.

आणखी एक गोष्ट तपासात पुढे आली. थेरॅक-२० या आधीच्या यंत्रातही तोच दोष होता. शिकागोच्या विद्यापीठात विद्यार्थी त्या यंत्रावर शिकताना वेडीवाकडी बटणं दाबत, तेव्हा फ्यूज उडत. पण रुग्णांना इजा झाली नाही, कारण त्या यंत्रात चुकीची जोडणी झाली तर झोत अडवणारे स्वतंत्र विद्युत अडसर होते. थेरॅक-२५ मध्ये प्रोग्रामवर भिस्त ठेवून त्यातले बरेचसे काढून टाकले होते. पुढे ते पुन्हा बसवावे लागले. जिथे जीव टांगलेला आहे तिथे एकाच भिंतीवर विसंबू नये, हा धडा भूल देण्याच्या खोलीतल्या कुणालाही नवा नाही.

आजचं यंत्र

आज रुग्णालयात शिरेतून थेंब थेंब औषध सोडणारा पंप, व्हेंटिलेटर, डायलिसिसचं यंत्र, खाटेशेजारचा मॉनिटर, सगळ्यांत प्रोग्राम असतो. वैद्यकीय प्रोग्रामसाठी २००६ मध्ये ‘आयईसी ६२३०४’ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्यात प्रोग्रामचे भाग पाडणं, चुकीने किती इजा होऊ शकते त्यानुसार त्यांना अ, ब, क असे वर्ग देणं आणि धोक्याचा भाग इतरांपासून वेगळा ठेवणं यांचा विचार आहे. भारतात २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत आणि २०२० च्या अधिसूचनेने प्रोग्रामही उपकरणाच्या व्याख्येत आला. किरणोपचाराच्या यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते.

नियम कागदावर असतात, प्रोग्राम माणसं लिहितात. मराठी घरांतली कितीतरी मुलंमुली आज हेच काम करतात. रात्री उशिरा, मुदत उद्यावर आलेली असताना, ‘तात्पुरतं ग्लोबल करून टाकू, नंतर बघू’ असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. वॉर्डातही गर्दीच्या दिवशी तोंडी आदेश दिले जातात आणि ‘नंतर लिहू’ म्हटलं जातं. त्यातले बहुतेक निभावतात. म्हणूनच सवय मोडत नाही. अशा वेळी तीनच प्रश्न पुरेसे आहेत. ही माहिती कोणाला दिसायला हवी? ती बदलायचा हक्क कोणाला? आणि ती बदलली की कोणाकोणाला कळायला हवं? तिन्हींचं उत्तर ‘सगळ्यांना’ असं येत असेल, तर काम अजून अपुरं आहे.

यंत्र वापरणाऱ्यांसाठीही टायलरने एक धडा ठेवला आहे. पडद्यावर दिलेली मात्रा कमी दिसत होती आणि रुग्ण मात्र भाजल्याचं सांगत होता. पडदा त्याच गोंधळलेल्या प्रोग्रामचा आकडा दाखवत होता. रुग्णाकडे दुसरं काहीच नव्हतं, त्याची पाठ तेवढी होती. दोघांचं जुळत नसेल तर यंत्र थांबवावं, कारण सापडेपर्यंत थांबवूनच ठेवावं आणि आधी रुग्णाचं ऐकावं.